हात दाखवून वळणारे नाना

आमचे शेजारी नाना चौधरी गोल मारायच्या आधी हात दाखवतात.

हात दाखवतात म्हणजे कोणाला धमकावत नाहीत. उजव्या बाजूला गाडीची खिडकी आहे असं धरून ते हात सरळ बाहेर काढतात, मग गाडी वळवतात आणि मगच चेंडूला धडकतात. डावीकडे जायचं असलं तर मनगट गोल गोल फिरवतात. गाडी टीव्हीवर असते, नाना जळगावात, पिंप्राळ्यातल्या आपल्या बैठकीत लाकडी खुर्चीवर असतात, आणि त्यांचा हात ज्या खिडकीतून बाहेर येतो तिथे प्रत्यक्षात तुळशीचं एक रोप आणि पाण्याचा माठ आहे. हात दाखवण्याच्या नादात त्यांनी तो माठ एकदा पाडलाही. एका हातात खेळाचा रिमोट, दुसरा खिडकीबाहेर. एवढ्यात समोरचा कोणीतरी चेंडू घेऊन जातो आणि गोल होतो.

"जाऊ द्या," नाना म्हणतात. "त्याने हात दाखवला नाही. मी दाखवला."

हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तो फुटबॉलच आहे, फक्त मैदानात माणसांऐवजी मोटारी असतात. चेंडू मोटारीपेक्षा मोठा. मोटारीने धडक देऊन तो समोरच्याच्या जाळ्यात घालायचा. मोटारी भिंतीवर चढतात, मागून आग सोडत हवेत उडतात, एकमेकींना अशा आदळतात की धूर होऊन नाहीशा होतात आणि क्षणात नव्या कोऱ्या होऊन परत येतात. खेळणारे आपापल्या घरी बसलेले. कोणी इंदूरला, कोणी कुठल्या परदेशात. कोण कोणाचा, काही पत्ता नाही. मोटारीवर फक्त नाव तरंगत असतं, आणि तेही घेतलेलं.

असल्या धुमश्चक्रीत नाना चौधरी म्हणजे, कसं सांगू, बैलांच्या शर्यतीत कोणी गाय घेऊन चारायला यावं तसं.

नानांची पिंप्राळ्यात मोटार ट्रेनिंग स्कूल होती. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण नाना मला मॅडम म्हणतात ते त्यासाठी नाही. त्यांच्या गाडीत बसलेली प्रत्येक बाई मॅडम आणि प्रत्येक बाप्या साहेब. किराणा दुकानदाराचा अठरा वर्षांचा मुलगाही साहेब. "स्टिअरिंग हातात आलं म्हणजे माणसाले मान द्यावा लागतो," ते म्हणायचे. "नाहीतर तो दुसऱ्याले देत नाही."

त्यांची शिकवण्याची पद्धत अशी, की पहिले काही दिवस गाडी चालूच करायची नाही. नुसतं बसायचं आणि आरशात पाहायचं. मागून कोण येतंय, सायकलवाला आहे की म्हैस, म्हशीच्या मनात काय आहे. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, आज तरी गाडी पुढे नेऊ या." ते शांतपणे म्हणाले, "कोना बापले घाई शे?"

कोणाच्या बापाला घाई आहे, हा नानांचा तकिया कलाम. मूळचे ते धरणगावचे. एरवी ते आमच्याशी शहरी मराठी बोलतात, पण मनातलं बोलायचं झालं की धरणगावची भाषा आपोआप येते.

एकदा शिकताना मी एका केळीवाल्याच्या हातगाडीच्या फारच जवळून गाडी नेली. धक्का लागला नाही, पण म्हातारा दचकून बाजूला झाला. नानांनी आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मला म्हणाले, "उतरा मॅडम. त्यांना नमस्कार करा." मी भर रस्त्यात उतरून केळीवाल्याला नमस्कार केला. तो इतका गडबडला की त्यानेही मला केला. "आता केळी घ्या," गाडीतून नाना म्हणाले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, गाडी शिकायला गेली होतीस की बाजाराला?

पुढे नानांच्या उजव्या डोळ्याचा पडदा खराब झाला. डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं. नानांनी वाद घातला नाही. स्कूलची पाटी स्वतः शिडी लावून काढली, गाडी विकली. त्याच्या आदल्याच वर्षी सिंधूकाकू गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. काकू फटकळ होत्या, दिवसभर नानांना काही ना काही टोचून बोलायच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आम्हाला ते फुकट ऐकायला मिळायचं. काकू गेल्या तसं ते घर एकदम मुकं झालं. नाना अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दोष बघायचे. "क्लच जाळला त्याने," एवढंच एखाद्या वेळी कानावर यायचं.

तो खेळ त्यांच्या घरात आला तो माझ्या मुलामुळे. केतन बारावीला होता. मी घरात खेळाला बंदी घातली, तर पठ्ठ्याने सगळं यंत्रच नानांच्या घरी नेऊन टीव्हीला जोडलं. मला महिनाभर वाटत होतं, मुलगा म्हाताऱ्या माणसाला सोबत करायला जातो. तसा तो करतही होता म्हणा. पुढे केतन इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना यंत्र नानांकडेच ठेवून गेला. "आई, ते आता माझं नाही, नानांचंच आहे," म्हणाला.

मी पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा नाना तोंडाने "पाँ, पाँ" करत होते. त्या गाडीला हॉर्न नव्हता. सामना सुरू होताना चेंडू मैदानाच्या मधोमध असतो आणि दोन्हीकडच्या गाड्या त्याच्यावर तुटून पडतात. नाना तिथे थांबतात. चौकात समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. समोरचा जातो, चेंडूसकट जातो. कोणी मागून धडकून त्यांच्या गाडीचा धूर केला आणि नवी गाडी आली की नाना अस्वस्थ होतात. "ही फुकट कशी मिळते?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं. "अशी मिळायला लागली तर मॅडम, कोणी ब्रेक दाबेल का?"

त्यांची गाडी पांढरी, वर केतनने घेतलेलं नाव, 'जळगावचा पोऱ्या'. बाकीच्यांच्या गाड्यांवर ज्वाळा, कवट्या, शिंगं. नानांना फक्त लाल रंगाचा 'एल' हवा होता. तो त्या खेळात मिळत नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

दसऱ्याला त्यांनी यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ घातली आणि कोणतंही वाहन असो, कपाळावर लावायचं म्हणून टीव्हीच्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. संध्याकाळी मला हाक आली. "मॅडम, चेंडू हलत नाही." मी जाऊन पाहते तर नाना डोळे बारीक करून त्या कुंकवावर गाडी घालत होते. खरा चेंडू केव्हाच त्यांच्या जाळ्यात जाऊन बसला होता. मी ओल्या फडक्याने काच पुसली. नानांनी स्वच्छ काचेकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "तरी म्हटलं, आज मी इतकं चांगलं कसं अडवतोय."

या खेळात बोलायचं असलं तर तयार वाक्यं असतात. बटण दाबलं की इंग्रजीत उमटतात. छान मारलास, आभारी आहे, माफ कर, काही हरकत नाही, काय अडवलंस, असली पाच-सहा. पोरं त्यातलं 'काय अडवलंस' हे मुद्दाम गोल खाल्लेल्या माणसाला पाठवतात. चिडवायला. नानांना ते दिवसातून कितीदा तरी येतं, आणि नाना प्रत्येक वेळी हात जोडून 'आभारी आहे'चं बटण दाबतात.

मला राहवलं नाही. एक दिवस म्हटलं, "नाना, ते कौतुक नाहीये. टोमणा आहे तो."

"माहीत आहे ना," नाना म्हणाले. "केतनने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"मग आभार कसले मानता?"

नानांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "सिंधू गेल्यापासून मला टोमणा मारणारं कोणी राहिलं नव्हतं," म्हणाले, आणि पुढचा सामना सुरू झाला म्हणून हात खिडकीबाहेर काढला.

नानांचा एक जोडीदार होता. दोघादोघांच्या सामन्यात कधीतरी योगायोगाने जुळलेला, आणि मग रोजचा झालेला. त्याच्या गाडीवर नाव तरंगायचं, 'सोनगीर का राजा'. गाडी तांबूस रंगाची. हा राजाही नानांसारखाच. घाई नाही, धडकाधडकी नाही. नाना पुढे गेले की तो मागे जाळ्यापाशी थांबायचा. नानांनी गोल खाल्ला की लगेच त्याचं 'काही हरकत नाही' उमटायचं. आजवर नानांना त्याने एकदाही 'काय अडवलंस' म्हटलं नव्हतं.

"पोरगं आहे मॅडम," नाना मला सांगायचे. "अकरा-बारा वर्षांचं असंल. सोनगीरला, धुळ्याच्या पुढे. मायबाप कामाला जात असतील. शाळेतून येतं आणि घरात कोणी नाही. नाहीतर रोजच्या रोज माझ्यासारख्या गचाळ खेळणाऱ्यासंगे कोण खेळंल?"

"बोलतो का काही?"

"केतनने ते बोलायचं नळकांडं दिलं होतं ना, त्यात मी हाका मारून पाहिल्या. बाळा, जेवला का. काही उत्तर नाही. लाजाळू आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरचं काही ठीक नसावं."

झालं. नानांचा दिवस त्या पोराच्या शाळेवर चालायला लागला. शाळा सुटायच्या वेळेला नाना तोंड धुऊन, भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर हजर. पूर्वी सकाळी शिकाऊ माणसं यायच्या आधी बसायचे, अगदी तसे. धरणगावला त्यांची बहीण असते. भाच्याच्या साखरपुड्याला नाना गेले आणि पंगत बसायच्या आत परतले. बहीण माझ्याकडे फोनवर रडली. "इतला काय कामधंदा शे त्याले?" मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, "साखरपुड्यात शंभर माणसं होती. त्या पोराकडे मी एकटा."

थंडी सरता सरता एक दिवस राजा आला नाही.

नाना बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तापबीप आला असंल, नाना म्हणाले. मग परीक्षा असंल. मग गावाला गेलं असंल. ते दुसऱ्या कोणाशी खेळत नव्हते. टीव्हीवर ती पांढरी गाडी नुसती गोल गोल फिरत राहायची, शेजारी जोडीदाराची जागा रिकामी. मी भाजी द्यायला गेले की नाना म्हणायचे, "ठेवा तिथे," आणि भाजी तिथेच राहायची. सदऱ्याची इस्त्री गेली. एक दिवस पाहिलं तर दाढीही वाढलेली.

"मॅडम, खेळातून माणूस गेला तर कळवतं का हो कोणी?" त्यांनी विचारलं.

खरंच, कोण कळवणार? नाव खोटं, गाडी खोटी.

"रविवारी सुट्टी आहे ना तुम्हाला?" नाना म्हणाले. "सोनगीरला जाऊ."

रविवारी सकाळी नाना दाढी करून, टोपी घालून फाटकाशी उभे होते. हातात केळीच्या वेफर्सची पिशवी आणि काखेत एक खराखुरा फुटबॉल. नवा, जाळीत घातलेला. "पोरगं बाहेर खेळंल जरा," म्हणाले. पारोळ्यापर्यंत ते माझ्या शेजारी बसून पायाने रिकामी जमीन दाबत होते. समोर ट्रक दिसला की पाय खाली. मी म्हटलं, "नाना, तिथे ब्रेक नाहीये." म्हणाले, "माहीत आहे. पायाला माहीत नाही." धुळं मागे पडलं तसा त्यांचा पायही थांबला. लांबून सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा त्यांनी फुटबॉल मांडीवर घेतला.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. नाना उतरले आणि चहावाल्याला अदबीने म्हणाले, "भाऊ, सोनगीरचा राजा कुठे राहतो?"

चहावाल्याने गाळणं खाली ठेवलं. "राजा त वर किल्लावर ऱ्हाये," तो म्हणाला. "आते तठे बकऱ्या चरतस."

बाकावरची मंडळी हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. टीव्ही, मोटारी, चेंडू, तांबूस गाडी, एकटं राहणारं पोरगं. सांगताना वळण आलं तेव्हा हातही दाखवला. ऐकता ऐकता कोपऱ्यातला एक मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, "गाड्यास्ना फुटबॉल? हाऊ त आपला दगडूआबा खेळस. तांबट गल्लीमा."

"त्यांचा नातू का?" नाना म्हणाले.

"नातू कोठला? आबा एकलाच शे."

पण नानांनी ते ऐकलंच नाही. ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. "चला मॅडम. आजोबा असतील त्याचे."

तांबट गल्ली म्हणजे एके काळी तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती. आता ठोके फार ऐकू येत नाहीत. एका बसक्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. रुंद पंजे, डोळ्यांवर हॉस्पिटलातून देतात तो काळा चष्मा. उघड्या दारातून आत टीव्ही दिसत होता आणि त्याच्याखाली केतनकडे होतं तसंच यंत्र, स्वच्छ फडक्याने झाकून ठेवलेलं.

नाना ओट्याशी गेले. "राम राम आबा. पोरगं कुठंय?"

आबांनी कान पुढे केला. "आं?"

"पोरगं! पोऱ्या!"

"कोन पोऱ्या?" आबा मोठ्याने म्हणाले. "आठे कोनताच पोऱ्या नही."

शेजारच्या घरातून एक बाई हात पुसत बाहेर आली. कल्पनाबाई तिचं नाव. आबांना दोन वेळचा डबा तीच देते. तिने मला सांगितलं, आबांना ऐकू येत नाही. जन्मभर पत्र्यावर हातोडी मारली, त्यातच कान गेले. तो खेळ पुतण्याच्या मुलाचा, तो सुरतेला कामाला गेला आणि जाताना आबांना शिकवून गेला. नावही त्यानेच ठेवलेलं. आबांना नाद लागला. त्यात डोळ्यात मोतीबिंदू. "मागे म्हणत होते, टीव्हीत दोन चेंडू दिसतात, मी दोन्ही अडवतो. मग धुळ्याला नेऊन ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणे महिनाभर टीव्हीकडे पाहायचं नाही." तिने आबांकडे पाहिलं. "तेव्हापासून जीव खाल्ला आहे माझा. त्या जळगावच्या पोराला निरोप दे म्हणतात. मला काय ते मशीन येतं?"

नाना माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. फुटबॉल अजून काखेतच होता.

आबांना वाटलं, आपली काहीतरी चौकशी चालली आहे. ते आपणहून सांगायला लागले, बहिऱ्या माणसाच्या उंच आवाजात. "जळगावना एक पोऱ्या शे. मनासंगे खेळस. घरमा एकलाच दिखस बिचारा. ना माय, ना बाप. खेळता येत नही त्याले, पन रोज येस. म्हनीसन मी बठस. नहीतर माले काय करनं शे या वयमा?" त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "आते तो वाट दखत व्हई."

नाना ओट्यावर त्यांच्या शेजारी बसले. फुटबॉल काखेतून काढून खाली ठेवला. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "तो मी."

"आं?"

"तो पोऱ्या मी शे!"

"काय?"

तेव्हा सत्तरीला आलेले नाना चौधरी उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "जळगावना पोऱ्या मीच शे! मीच तो पोऱ्या!"

समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. कोणीतरी हसलं. आबांनी चष्मा वर सरकवला, नुकत्याच उघडलेल्या लाल डोळ्याने नानांकडे बघितलं, मग हात पुढे करून त्यांची टोपी काढली.

"तुना त बठ्ठा केस पिकी गयात," ते म्हणाले.

सगळेच पिकले, म्हणून नानांनी मान हलवली.

आबांनी टोपी परत त्यांच्या डोक्यावर ठेवली. "मंग गाडी इतली हळू कसाले चलाडस?"

यावर नाना जे हसले, ते मी सिंधूकाकू गेल्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांना खोकला आला, कल्पनाबाईने पाणी आणलं. आबांना आपण काय विनोद केला ते कळलं नाही, पण तेही हसायला लागले.

मला वाटलं होतं, आता दोघांच्या गप्पा रंगतील. तसं काही झालं नाही. आबांना ऐकू येत नव्हतं आणि नानांचा ओरडून घसा बसला होता. खेळ तर डॉक्टरने बंद केलेला. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसून राहिले, मध्ये वेफर्सची पिशवी. एकदा आबांनी बोटाने किल्ला दाखवला. नानांनी पाहिला. एकदा नानांनी माझी गाडी दाखवली. आबांनी ती पाहिली. फुटबॉल गल्लीतल्या पोरींनी केव्हाच पळवला होता. कल्पनाबाई आबांच्या डोळ्यात थेंब घालायला आली आणि बोलता बोलता मला म्हणाली, उद्यापासून तिला कपाशीच्या वेचणीला जायचंय, शेवटची वेचणी आहे, दिवसभराचे थेंब कोण घालेल देव जाणे. आबांचा हात कापतो, त्यांना स्वतःला जमत नाहीत.

उन्हं कलली तसं मी म्हटलं, "निघू या नाना."

"तुम्ही निघा," नाना म्हणाले. "हळू जा. मी राहतो."

"राहता? कपडे नाहीत, औषधं नाहीत तुमची."

"मागवून घेईन." त्यांनी कल्पनाबाईकडून थेंबांची बाटली मागून घेतली, डोळ्यांजवळ धरून तिच्यावरचं वाचायचा प्रयत्न केला आणि मग माझ्यापुढे केली. "दिवसातून कितीदा ते जरा मोठ्याने सांगा."

मी एकटीच परत आले. दोन दिवसांनी फोन आला, दोन सदरे आणि रक्तदाबाच्या गोळ्या पाठवा. मी बसने पाठवल्या. पुढच्या आठवड्यात फोन आला, स्वेटर पाठवा, इथे पहाटे गार असतं. मग फोनच नाही. आमच्या शेजारी कुलूप बघायची सवय नव्हती. दाराजवळून जाताना मी उगाच एकदा थांबायचे.

होळीच्या सुमारास नाना परत आले. मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेले. वाळले होते जरा, पण भांग पाडलेला. आबांचा डोळा छान झाला, म्हणाले. डॉक्टरने परवानगी दिली. उद्यापासून दोघं पुन्हा खेळणार, आपापल्या घरून.

"इतके दिवस काय केलंत तुम्ही दोघांनी?" मी विचारलं. "त्यांना तर ऐकूही येत नाही. बोलत काय होतात?"

नाना समोरच्या रस्त्याकडे पाहत होते.

"बोलायचं काय त्यात, मॅडम," ते म्हणाले. "सकाळी तो मला विचारायचा, झोप लागली का. मी मान हलवायचो. रात्री मी विचारायचो, जेवण झालं का. ओरडून. तो म्हणायचा, झालं, तुझं? मी म्हणायचो, झालं."

"पण जेवत तर एकत्रच असाल ना तुम्ही?"

"एकत्रच. एका ताटलीतली चटणी." नाना किंचित हसले. "समोरच जेवलेला असायचा. तरी रोज विचारायचो. खेळात 'जेवलास का'चं बटण नाही, म्हणून विचारून घेतलं."